लाईन गेली तरी लॅपटॉप चालला पाहिजे : पॉवर स्टेशन घेण्याआधी हा हिशेब करा

नाचणगाव (ता. देवळी) : मे महिना संपत आला आणि वादळ सुटले की आपल्याकडे पहिली लाईन जाते. कुठे कडुनिंबाची फांदी तारेवर पडते, कुठे इन्सुलेटर फुटतो, कुठे डीपीचा फ्यूज उडतो. आधी लाईन गेली म्हणजे पंखा बंद, एवढाच त्रास होता. आता घरोघरी लॅपटॉप आले आहेत. कोणाचे पोरगे पुण्याच्या कंपनीचे काम घरूनच करते, कोणाची मुलगी परीक्षेचे ऑनलाईन फॉर्म भरते, कोणाचे सेवा केंद्र आहे आणि पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला दारात कास्तकार बसले आहेत. अशा वेळी दोन तास लाईन गेली तर नुकसान थेट खिशाचे होते.

म्हणून सध्या बरेच जण विचारतात, "भाऊ, तो पॉवर स्टेशनचा डबा घेऊ का?" पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणजे एकाच डब्यात लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर. वर उचलायला मूठ, समोर प्लगची आणि यूएसबीची जागा. वायरिंग नाही, पाणी टाकणे नाही, आवाज नाही, धूर नाही. वस्तू चांगलीच आहे. पण किंमत वीस-पंचवीस हजारांच्या घरात जाते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एक डबा जवळपास तीन क्विंटल कापसाच्या भावात पडतो. तेव्हा घेण्याआधी कागद-पेन घेऊन बसलेले बरे.

माझाच अनुभव सांगतो. मी वावर सांभाळून बातम्या पाठवतो. दोन वर्षांआधी "८०,००० एमएएच" असे मोठ्या अक्षरात लिहिलेला एक डबा मी ऑनलाईन मागवला. आकडा मोठा दिसला, दिवसभर चालेल असे वाटले. पहिल्या वादळात लॅपटॉप, राऊटर आणि एक बल्ब लावला. अडीच तासांत डबा बसला. बातमी अर्धी राहिली. मग हिशेब शिकलो तेव्हा कळले की लिहिलेल्याच्या अर्धीच ताकद त्यात होती. पण तोवर वस्तू परत करायची मुदत निघून गेली होती. तुमचे तसे होऊ नये म्हणून हे सगळे लिहिले आहे.

आधी घरात बघा, मग दुकानात

खालच्या चार गोष्टी या क्रमानेच तपासा. बऱ्याच जणांचे काम पहिल्या तीनमध्येच होऊन जाते.

१) घरात इन्व्हर्टर आहे का? असेल तर नवीन डबा घेऊच नका. पुष्कळ घरी इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि बल्ब असतात, लॅपटॉपचा आणि राऊटरचा प्लग साध्या लाईनवर असतो. वायरमन बोलावून त्या दोन प्लगला इन्व्हर्टरची लाईन द्या. काही शे रुपयांत काम होते.

२) लॅपटॉपची स्वतःची बॅटरी जिवंत आहे का? चांगली बॅटरी साध्या कामाला दोन ते चार तास चालते. तुमचा लॅपटॉप चार्जर काढल्याबरोबर पंधरा-वीस मिनिटांत बंद पडत असेल, तर दोष लाईनचा कमी आणि बॅटरीचा जास्त आहे. नवीन बॅटरी साधारण दोन ते चार हजारांत बसते. पॉवर स्टेशनच्या पाव किमतीतही हा प्रश्न मिटू शकतो.

३) लॅपटॉप टाईप-सी पिनने चार्ज होतो का? होत असेल तर ६५ वॅट पीडी असे लिहिलेली मोठी पॉवर बँक पुरते. "पीडी" म्हणजे लॅपटॉपला लागेल तसा व्होल्टेज देणारी चार्जिंग पद्धत. मोबाईलच्या साध्या १०, १८ किंवा २२.५ वॅटच्या पॉवर बँकेवर लॅपटॉप नीट चार्ज होत नाही. आणखी एक, प्रत्येक टाईप-सी भोकातून लॅपटॉप चार्ज होतोच असे नाही. काही भोके फक्त डेटासाठी असतात. कोणा मित्राचा टाईप-सीवाला लॅपटॉप चार्जर आणून लावून पाहा. चार्जिंगचे चिन्ह आले तर पॉवर बँक चालेल. जुन्या गोल पिनवाल्या लॅपटॉपला ती सरळ लागत नाही.

४) वरच्या तिन्हींनी भागत नसेल, लाईन रोज चार-पाच तास जात असेल, सोबत राऊटर, बल्ब, छोटा प्रिंटर चालवायचा असेल, किंवा डबा उचलून वावरातल्या घरी न्यायचा असेल, तरच पॉवर स्टेशनकडे वळा.

वॅट वेगळा, वॅट-तास वेगळा

इथेच सगळ्यांची गफलत होते. सोपे करून सांगतो. पाण्याची टाकी समजा. टाकीत पाणी किती मावते, ते म्हणजे वॅट-तास. तोटीतून एका वेळी धार किती मोठी पडू शकते, ते म्हणजे वॅट. टाकी मोठी आणि तोटी बारीक असली तर मोठे मशीन चालणार नाही. तोटी मोठी आणि टाकी लहान असली तर मशीन सुरू होईल, पण लवकर संपेल.

डब्यावर "३०० वॅट" लिहिले असेल तर ती तोटी झाली. टाकी किती आहे ते वेगळे शोधा. इंग्रजीत मोठा डब्ल्यू आणि लहान एच अशी दोन अक्षरे ज्या आकड्यापुढे असतात, तो आकडा टाकीचा. तो आकडा डब्यावर कुठेच नसेल, तर तिथेच सावध व्हा.

एमएएचचा मोठा आकडा

जाहिरातीत "२०,०००", "८०,०००" असे आकडे एमएएचमध्ये देतात. नुसत्या एमएएचवरून काहीच कळत नाही, त्याला व्होल्टने गुणावे लागते. हिशेब असा :

एमएएच भागिले १,०००, गुणिले बॅटरीचा व्होल्ट = वॅट-तास.

लिथियम-आयनची एक सेल ३.७ व्होल्टची धरतात, एलएफपीची ३.२ व्होल्टची.

- २०,००० एमएएचची पॉवर बँक : २० × ३.७ = ७४ वॅट-तास.
- ८०,००० एमएएचचा डबा : ८० × ३.७ = २९६ वॅट-तास. सेल एलएफपीची असेल तर ८० × ३.२ = २५६.
- घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी : १५० × १२ = १,८०० वॅट-तास.
- पाठीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी : ८ × १२ = ९६ वॅट-तास.

म्हणजे ८०,००० चा आकडा ऐकायला केवढा, पण तो फवारणी पंपाच्या तीन बॅटऱ्यांएवढाच. आणि १५० एएच हा आकडा दिसायला लहान, पण ती टाकी सहापट मोठी.

तुमचा लॅपटॉप किती खातो?

चार्जरच्या मागे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॅट. पण हे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते झाले. लॅपटॉप सतत एवढे ओढत नाही. फॉर्म भरणे, टायपिंग, व्हिडिओ बघणे या कामाला साधा लॅपटॉप १५ ते ३० वॅट खातो. आतली बॅटरी रिकामी असेल आणि ती चार्ज होत असेल तर आकडा वर जातो. गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगचे मोठे लॅपटॉप मात्र शंभर वॅटच्याही पुढे जातात.

घरच्या घरी मोजायचे असेल तर असे करा. लॅपटॉपच्या बॅटरीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात तिचे वॅट-तास लिहिलेले असतात. समजा ४२ आहेत. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, नेहमीचे काम सुरू करा आणि घड्याळ बघा. १०० वरून ५० टक्क्यांवर यायला एक तास लागला, तर ४२ चे अर्धे म्हणजे २१ वॅट-तास एका तासात गेले. तुमचा लॅपटॉप साधारण २१ वॅट खातो. बॅटरी जुनी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येतो, पण हिशेबाला तो सुरक्षितच.

बाकी वस्तूंचा अंदाज असा :

- वायफाय राऊटर आणि फायबरचा डबा मिळून : १० ते १५ वॅट
- एलईडी बल्ब : ९ वॅट
- मोबाईल चार्जिंग : १० ते २० वॅट
- साधा छताचा पंखा : ७० ते ७५ वॅट
- बीएलडीसी पंखा : साधारण ३० वॅट
- इंकजेट प्रिंटर : छापताना १० ते ३० वॅट
- लेझर प्रिंटर : गरम होताना कित्येक शे वॅट, काही मॉडेल हजाराच्या आसपास
- कूलर : १५० ते २०० वॅट

सेवा केंद्रवाल्यांनी लेझर प्रिंटरची ओळ दोनदा वाचा. ३०० वॅटच्या डब्यावर लेझर प्रिंटर लावला की डबा लगेच ट्रिप होतो आणि चालू असलेले कामही बंद पडते. प्रिंट लाईन आल्यावर काढा किंवा इंकजेट ठेवा. अंगठ्याचे मशीन मात्र लॅपटॉपच्या यूएसबीवर चालते, त्याची काळजी नाही.

आता आकडा काढा

समजा लॅपटॉप २५ वॅट, राऊटर १२ वॅट, एक बल्ब ९ वॅट. बेरीज ४६ वॅट. लाईन चार तास जाते असे धरू. ४६ × ४ = १८४ वॅट-तास.

पण टाकीतले सगळे पाणी तोटीपर्यंत येत नाही. बॅटरीच्या डीसीचे २३० व्होल्ट एसी करताना काही वीज उष्णतेत जाते. म्हणून ८० टक्केच मिळेल असे धरून चाला. १८४ भागिले ०.८ = २३०. म्हणजे २५० ते ३०० वॅट-तासांचा डबा पुरे. बॅटरी वर्षागणिक थोडी उतरते, म्हणून ३०० कडे झुका.

फक्त लॅपटॉपच चालवायचा असेल तर? त्याची स्वतःची बॅटरी दोन तास चालते. उरलेल्या दोन तासांना २५ × २ = ५० वॅट-तास लागतील. ७४ वॅट-तासांची पॉवर बँक तोटा धरून ५५-६० देते. म्हणजे तीन ते पाच हजारांच्या पॉवर बँकेत काम झाले. वीस हजार वाचले.

एक युक्ती सांगतो. डब्यावर टाईप-सी भोक असेल आणि लॅपटॉप त्यावर चार्ज होत असेल, तर एसी प्लग वापरूच नका. डीसीचे एसी आणि चार्जरमध्ये पुन्हा एसीचे डीसी, हा दुहेरी तोटा वाचतो. त्याच डब्यावर काम जास्त वेळ चालते.

इन्व्हर्टर की पॉवर स्टेशन?

घरच्यांना रात्री पंखाही पाहिजे असेल तर पॉवर स्टेशन महागात पडते. किंमत भागिले वॅट-तास असा हिशेब करून बघा. ३०० वॅट-तासांचा डबा २०,००० ला मिळाला तर एका वॅट-तासाला ६७ रुपये पडले. १५० एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून २२,००० ला मिळाले तर १२ रुपये. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण उतरवू नये, म्हणून १,८०० पैकी हजार-बाराशेच वापरायचे धरा. तरी इन्व्हर्टरच स्वस्त पडतो.

इन्व्हर्टर घेताना "प्युअर साईन वेव्ह"च घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखा घरघरतो आणि काही चार्जर तापतात. पॉवर स्टेशनलाही हीच अट लावा. "मॉडिफाईड साईन वेव्ह" असे लिहिले असेल तर सोडून द्या.

इन्व्हर्टर जागेवरून हलत नाही, महिन्या-दोन महिन्याला पाणी बघावे लागते, वजन भरपूर. भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी, डबा घेऊन फिरणारे फोटोग्राफर आणि वावरात मुक्कामाला राहणारे, यांच्यासाठी पॉवर स्टेशन बरे. कृषी फीडरची लाईन ठरावीक तासच असते, तिथे हा डबा कामाचा आहे.

छतावर सोलर आहे, मग डबा कशाला?

२०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत बऱ्याच घरांवर पॅनल लागले. ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण हे ध्यानात ठेवा, या योजनेतली साधी ऑन-ग्रिड सिस्टिम महावितरणची लाईन गेली की आपोआप बंद होते. भर दुपारी ऊन असले तरी बंद. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून करंट लागू नये म्हणून हे मुद्दाम केलेले असते. बॅटरी जोडलेली हायब्रिड सिस्टिम असेल तरच लाईन नसताना वीज मिळते. तेव्हा सोलरवाल्यांनाही लॅपटॉपची सोय वेगळी करावीच लागते.

आणि कृषी पंपाच्या सोलर पॅनलची वायर काढून पॉवर स्टेशनला लावायचा विचार कोणी करू नये. ते पॅनल ओळीने एकाला एक जोडलेले असतात, त्यामुळे व्होल्टेज फार मोठा होतो. डबा तर जळेलच, डीसीचा झटका जीवही घेऊ शकतो. एकट्या मोठ्या पॅनलचाही व्होल्टेज ४० च्या वर जातो आणि लहान डब्यांची मर्यादा बहुतेक त्याहून कमी असते. डब्याच्या माहितीपत्रकात सोलर इनपुटचे व्होल्ट बघूनच त्याला जुळणारे पॅनल घ्या. १०० वॅटचे पॅनल चांगल्या उन्हात प्रत्यक्षात ६० ते ७५ वॅट देते. ३०० वॅट-तासांचा डबा भरायला त्याला पाच तासांचे कडक ऊन लागते. श्रावणात त्याच्या भरवशावर राहू नका.

बॅटरी कोणत्या जातीची?

डब्यात मुख्यतः दोन प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या येतात. एक एनएमसी, जिला नुसते "लिथियम-आयन" म्हणून विकतात. दुसरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. एनएमसी हलकी असते, पण साधारण ५०० ते १,००० वेळा भरून-उतरून झाली की तिची ताकद लक्षात येईल इतकी घटते. एलएफपी थोडी जड, पण दोन-तीन हजार वेळा चालते आणि उष्णतेत पेट घ्यायचा धोका तिच्यात कमी.

आपल्या जिल्ह्यासाठी ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी असे कंपन्याच सांगतात. टिनाच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त गरम होते. म्हणून :

- उन्हाळ्यात डबा पहाटे किंवा रात्री चार्ज करा, दुपारी नाही.
- टिनाखाली, माळ्यावर, बंद गाडीत ठेवू नका. जमिनीवर, भिंतीपासून थोडा दूर, हवा खेळती राहील असा ठेवा.
- त्यावर कपडा, पोते टाकू नका. पंख्याच्या जाळीत धूळ आणि कापसाचा बोंड जाऊ देऊ नका, कोरड्या ब्रशने झाडत राहा.
- गादीवर किंवा झोपायच्या खोलीच्या दारात चार्जिंगला लावू नका. उद्या काही झाले तर बाहेर पडायची वाट मोकळी पाहिजे.

बॅटरी फुगली, वास आला, फार तापली तर डबा लगेच बंद करून सर्वांनी दूर व्हा. आग लागली तर जवळ जाऊन विझवत बसू नका, मेन स्विच पाडा, ११२ ला फोन करा. खराब बॅटरी उघडू नका, भंगारवाल्याला फोडायलाही देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटरीच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याला विचारा.

हे बघूनच पैसे द्या

- वॅट-तासांचा आकडा स्पष्ट छापलेला आहे का.
- सतत देण्याचे वॅट किती. "पीक" किंवा "सर्ज" वॅट हे दोन-चार सेकंदांचे असतात, त्यावर जाऊ नका.
- बॅटरी एलएफपी आहे का आणि किती वेळा चार्ज होईल असे लिहिले आहे.
- इनपुट किती वॅटचा. ६० वॅटच्या चार्जरने ३०० चा डबा भरायला पाच-सहा तास लागतात. लाईन एक तास येते आणि पुन्हा जाते, अशा दिवसांत तो कधीच भरत नाही. २०० वॅटने भरणारा डबा पावणेदोन-दोन तासांत तयार होतो.
- चार्जरवर किती व्होल्टपासून चालतो ते बघा. १०० ते २४० लिहिले असेल तर आपल्याकडच्या कमी व्होल्टेजवरही भरेल.
- लहान लोडवर आपोआप बंद होतो का. काही डबे दहा-बारा वॅटचा राऊटर "काहीच जोडले नाही" असे समजून बंद पडतात. ती सेटिंग बंद करता येते का ते विचारा.
- बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का. लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँकांना आपल्या देशात ही नोंदणी सक्तीची आहे. इंग्रजी आर, मग आडवी रेघ आणि पुढे आठ आकडे असे ते दिसते. मोबाईलवर "बीआयएस केअर" ॲप घ्या आणि तो क्रमांक टाका. कंपनीचे आणि वस्तूचे नाव जुळले पाहिजे.
- पक्के बिल, वॉरंटी किती वर्षांची, दुरुस्ती कुठे. वर्धा किंवा नागपूरला सेवा केंद्र असेल तर बरे. लिथियमचा जड डबा कुरियरने परत पाठवणे सोपे नसते.

दुकानदार किंवा विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते. बिल आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.

पहिल्याच दिवशी ही परीक्षा घ्या

मी चुकलो ते इथेच. डबा आला आणि वादळाची वाट बघत ठेवला. तुम्ही तसे करू नका. आणल्या दिवशीच पूर्ण चार्ज करा. घरात जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब असेल तर तो होल्डरला लावून डब्यावर पेटवा आणि वेळ लिहून ठेवा. ३०० वॅट-तासांचा डबा असेल तर ३०० × ०.८ ÷ ६०, म्हणजे चार तासांच्या आसपास बल्ब जळला पाहिजे. साडेतीन तास चालला तरी ठीक. दोन तासांतच बसला तर डब्यावरचा आकडा खोटा आहे. व्हिडिओ काढा आणि मुदतीच्या आत परत करा. एका बल्बाच्या या परीक्षेला काही खर्च नाही, पण वीस हजार वाचतात.

लाईन आहे, पण नेट आहे का?

लॅपटॉप चालू राहिला आणि नेट बंद पडले तर फॉर्म भरला जात नाही. तेव्हा राऊटर आणि फायबरचा डबा, दोन्हीला बॅकअप पाहिजे. फक्त राऊटरसाठी बाजारात १२ व्होल्टचा मिनी यूपीएस साधारण दीड-दोन हजारांत मिळतो, तोही चांगला. तरी लांब वेळ लाईन गेली तर केबलवाल्याकडचे किंवा टॉवरचे बॅकअपही संपू शकते. म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा आणि जमल्यास दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा.

सांभाळायचे कसे

फवारणी पंपाची बॅटरी हंगाम संपल्यावर रिकामी ठेवली की पुढच्या वर्षी उठत नाही, हे प्रत्येक कास्तकाराला माहीत आहे. लिथियमचेही थोडे तसेच. बरेच दिवस वापरायचा नसेल तर डबा ५०-६० टक्के भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. पावसाळ्याआधी मात्र पूर्ण भरून तयार ठेवा.

लाईन झपकत असेल, बल्ब एकदम जास्त उजेड देत असेल, विजा कडाडत असतील तर डब्याचा आणि लॅपटॉपचा प्लग भिंतीतून काढून टाका. न्यूट्रल तुटले तर घरात दुप्पटीच्या जवळ व्होल्टेज येऊ शकतो आणि त्यात स्पाईक गार्डही टिकत नाही. लाईन आल्यावर पाच मिनिटे थांबूनच प्लग लावा.

आणि आपला मोबाईल नंबर वीज ग्राहक क्रमांकाला जोडून घ्या. देखभालीसाठी लाईन बंद राहणार असेल तर महावितरण एसएमएस पाठवते. आदल्या रात्री सगळे चार्ज करून ठेवता येते. लाईन गेल्याची तक्रार १९१२ वर करा. शेजाऱ्याने केली असेल असे समजून सगळेच गप्प बसतात आणि तक्रार होतच नाही.

थोडक्यात

घरी इन्व्हर्टर असेल तर प्लग त्यावर घ्या. लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर ती बदला. टाईप-सीवाला लॅपटॉप असेल तर ६५ वॅटची पॉवर बँक घ्या. घरभर पंखे पाहिजे असतील तर इन्व्हर्टर घ्या. राऊटर, बल्बसह चार तास काम पाहिजे आणि डबा हलवायचाही आहे, त्यांनीच ३०० वॅट-तासांचा, एलएफपी बॅटरीचा, प्युअर साईन वेव्हचा डबा घ्यावा. त्याहून मोठा घ्यायचा असेल तर आधी कागदावर बेरीज करून बघा.

भाव रोज बदलतात, वर दिलेल्या किमती अंदाजाच्या आहेत. घेण्याआधी दोन-तीन ठिकाणी विचारपूस करा. आणि फॉर्मची शेवटची तारीख असो की विम्याची, लाईन असो की नसो, काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका. त्या दिवशी लाईन राहिली तरी सर्व्हर बसतो, आणि त्याला कोणताच डबा चालत नाही.